एक बातमी कमी

१

उंबरचा लेख नाहीसा झाल्याचं कळलं तेव्हा ताईंच्या मनाला आधी गुदगुल्या झाल्या आणि मग त्यांना स्वतःची लाज वाटली. दोन्हींमध्ये जेमतेम एका श्वासाचं अंतर होतं. पण ते होतं, आणि ताई दुसऱ्यांशी कधीमधी खोटं बोलत असतील, स्वतःशी बोलत नसत.

बुधवार होता. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती आणि ताईंनी अजून खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. फोन, संगणक, ॲप आणि असल्या सगळ्या यंत्रांच्या बातम्या देणारी ती वेबसाइट. तिसऱ्या मजल्यावरच्या एका लांबोळक्या खोलीत तिचा सगळा संसार. ताईंचं काम चुका काढण्याचं. ऱ्हस्व-दीर्घ, आकडे, नावं, तारखा. रोज साठेक बातम्या त्यांच्या नजरेखालून जायच्या आणि मगच जगाला दिसायच्या. स्वतः लिहिण्याची हौस त्यांनी एकदाच केली होती, बारा वर्षांपूर्वी. संपादकांनी तो लेख 'निर्दोष आहे' एवढंच म्हणून परत केला होता. निर्दोष! त्या दिवसापासून दुसऱ्याचं चांगलं वाक्य वाचलं की ताईंच्या घशात काटा अडकायचा. आणि चांगली वाक्यं लिहिणारी त्या खोलीत एकच होती.

तिचं नाव कुणी घेत नसे. महिनोन्महिने लेख दिसायचा नाही म्हणून कुणीतरी तिला उंबराचं फूल म्हटलं, आणि पुढे घासून घासून त्याचं नुसतं 'उंबर' झालं. उंबर सहा वर्षांत एकतीस लेख लिहून बसली होती. तिच्या समोरच्या टेबलावर रतीब. दूधवाल्यानं रतीब घालावा तशा तो रोज पंधरा बातम्या घालायचा, आणि सव्वादोन वर्षांत त्याचा आकडा साडेनऊ हजारांच्या घरात गेला होता. हे सगळ्यांना तोंडपाठ असायचं कारण भिंतीवर एक मोठा पडदा लावलेला होता आणि त्यावर प्रत्येकाच्या नावापुढे एकूण बातम्यांचा आकडा झळकत असे. एकतीस आणि साडेनऊ हजार. पण बाहेर कुणी या वेबसाइटचं नाव काढलं, तर ते उंबरच्या लेखांमुळे.

नाहीसा झालेला लेख आठ महिन्यांच्या मेहनतीचा होता. श्रवणयंत्रं बनवणारी एक बडी कंपनी दर अपडेटला आपली जुनी यंत्रं मुद्दाम मंद करते, असं उंबरनं त्यात पुराव्यानिशी मांडलं होतं. बिचाऱ्या माणसांना वाटायचं, आपलेच कान आणखी गेले. ती नवं यंत्र घ्यायची. पुढचं अपडेट शुक्रवारी येणार होतं, अडीच लाख यंत्रांवर. त्याआधी लोकांना सावध करायचं म्हणून लेख बुधवारी दहाला लागायचा होता. ताईंनी मंगळवारी संध्याकाळी तो शेवटपर्यंत तपासला होता. तळाला आपल्याच जुन्या बातम्यांच्या लिंक द्यायच्या, एवढंच काय ते बाकी होतं.

आता उंबर आपल्या टेबलापाशी उभी होती. रडत नव्हती. ताईंना बघून तिनं एकच विचारलं, "ताई, तो कुणी कुणी वाचला होता?"

"मी. संपादकांनी निम्मा. का गं?"

"काही नाही. सगळं इथेच होतं. दुसरी प्रत नाही."

यंत्रणा सांभाळणाऱ्याला सगळे वायरमन म्हणत. तो गुडघ्यावर बसून पडद्यावरच्या नोंदी वाचत होता. त्यानं मान वर केली आणि आवाज खाली आणला.

"आपोआप गेलेला नाही. पुसलाय. कचरापेटीसुद्धा रिकामी केलीय. आणि पुसलाय तो रतीबच्या मशीनवरून."

२

"लागो आग त्या लेखाला, असं तू मागच्या सोमवारी चारचौघांत म्हणालास की नाही?" संपादकांनी विचारलं.

"म्हणालो," रतीब म्हणाला.

संपादकांच्या काचेच्या केबिनमध्ये तो उभा होता. एकतीस वर्षांचा, बारीक चणीचा, बोटं सतत हलती, जणू हवेतही टाइप करतोय. ताईंना आणि वायरमनला संपादकांनी साक्षीला बसवलं होतं.

"का म्हणालास?"

"जळतो म्हणून म्हणालो, साहेब! त्यात लपवायचं काय? ती आठ महिने लिहिते आणि आठ महिने मिरवते. मी सकाळी साडेसातला येतो. ती ज्या वेळात एक वाक्य खोडते त्या वेळात मी तीन बातम्या चढवतो. या ऑफिसचा दिवा त्याच्यावर जळतो, आणि मला नाव काय? रतीब. पण म्हणून मी तिचा लेख पुसीन?"

"मशीन तुझं. लॉगिन तुझं."

"मशीन उघडंच असतं. सकाळच्या तीन बातम्या चढवल्या की साडेआठला मी खाली चहाला जातो आणि नवाच्या ठोक्याला वर येतो. कुणीही बसावं."

वायरमन खाकरला. "आठ एकेचाळीस आणि आठ शेहेचाळीस, अशा दोन नोंदी आहेत पुसल्याच्या. काय पुसलं ते लिहून येत नाही, नुसती वेळ येते. घाबरून दोनदा दाबलं असेल."

"बघा, मी तेव्हा खाली होतो!"

"तुला कुणी पाहिलं?"

चहाच्या टपरीवर सकाळी कोण कुणाकडे बघतं? मग एकदम, बुडत्यानं काडी धरावी तसा तो काचेबाहेरच्या पडद्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि माझाच आकडा चुकलाय! काल रात्री नऊ हजार चारशे बारा होते. सकाळी तीन चढवल्या. पंधरा व्हायला हवेत. तिथे चौदा आहेत!"

संपादकांनी कपाळाला हात लावला. "घर जळतंय आणि हा खिडक्या मोजतोय. अरे, तुझी नोकरी चाललीय आणि तू एका बातमीचा हिशेब मागतोस?"

वायरमन हसला. ताईही हसल्या. नंतर कितीतरी दिवस त्यांना ते हसणं बोचत राहिलं.

रतीब बाहेर गेल्यावर संपादक म्हणाले, "ताई, मालकांचा फोन येऊन गेला. उद्या अकरा वाजता त्यांना नाव हवंय. मला तर हाच दिसतो. पण तुम्ही तीस वर्षं चुका शोधताय. ही एक शोधता का? नाही सापडली, तर उद्या अकराला रतीबचा हिशेब मिटला."

३

ताईंनी तपास म्हणून काही थाट केला नाही. माणसं आपणहून बोलतील अशा जागी जाऊन त्या बसल्या.

चित्रकार खिडकीशी बसायचा. उंबरच्या लेखासाठी त्यानं चौदा चित्रं काढली होती: कानाचे आतले पडदे, यंत्राचं पोट, आवाजाच्या लाटा.

"मला संशयितात धरलंत ना, ताई? धरा. मी खूष आहे लेख गेला म्हणून," तो सरळ म्हणाला. "चौदा चित्रं माझी, आणि वर नाव एकटीचं. मी म्हटलं, खाली बारीक अक्षरात तरी टाक. म्हणाली, चित्रं लेखाला धरून असतात, लेख चित्रांना धरून नसतो. हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"सकाळी कधी आलास?"

"सव्वाआठला. पण या कोपऱ्यातून रतीबचं टेबल दिसत नाही, मध्ये कपाट आहे. दिसतं फक्त केबिन. साहेब साडेआठपासून नवापर्यंत फोनवर हातवारे करत होते, हे मी शपथेवर सांगतो. आणि ताई, मला पुसायचीच असती तर मी माझी चित्रं नसती का पुसली? ती सगळी जागच्या जागी आहेत. लेख मेला आणि चित्रं जिवंत. असला मूर्खपणा मी कशाला करू?"

ते ताईंना पटलं.

संपादक पोटातलं ओठावर आणायला जरा अडले. त्या कंपनीच्या माणसानं त्यांना दोनदा फोन करून लेखाबद्दल विचारलं होतं, हे त्यांनी कबूल केलं. "दडपण होतं. पण ताई, मला लेख नको असता तर मी 'नको' म्हटलं असतं. संपादकाला चोरी कशाला करावी लागते? त्याला नकार असतो." मग काचेतून बाहेर बघत ते म्हणाले, "मीही एकेकाळी असं लिहायचो. निम्मा लेख वाचला आणि पुढे वाचवेना. चांगला होता म्हणून वाचवेना. कळतंय का तुम्हाला?"

ताईंना कळत होतं. नको इतकं कळत होतं. या खोलीत जो तो एकाच निखाऱ्यावर बसलाय, असं त्यांना वाटलं. फरक इतकाच, की कुणी हाय म्हणतो आणि कुणी गप्प बसतो.

राहिली उंबर. ती जिन्याच्या मधल्या वळणावर, खिडकीशी उभी होती. अडतीस वर्षांची, उंच, नेहमी एकाच रंगाच्या कपड्यांत.

"तू कधी आलीस?"

"नऊला."

"खालच्या वहीत नोंद आहे?"

"मी सही करायला विसरते. तुम्हाला माहितीये."

माहिती होतं. ती सगळंच विसरायची, फक्त शब्द सोडून.

"तुला रतीबचा संशय येतो?"

खाली रस्त्यावर एक माणूस सायकलवरून मोठा आरसा नेत होता, तिची नजर त्याच्यावर होती. "रतीबनं माझं कधीच काही वाचलेलं नाही," ती म्हणाली. "ज्याचं वाचलं नाही त्याच्यावर माणूस जळतो कसा?"

ताई वर जायला वळल्या. मग त्यांच्या ध्यानात आलं, की त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला तिनं हो म्हटलं नव्हतं, आणि नाहीही.

४

ताईंचे यजमान शाळेत गणित शिकवायचे. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर अर्ध्या भागात उत्तरपत्रिकांचा ढीग आणि अर्ध्या भागात ताटं, असा त्यांच्या घरचा रिवाज होता. ताईंनी आमटी वाढता वाढता दिवसभराची कथा सांगितली. आकड्याची गंमतही सांगितली.

यजमान हसले नाहीत. लाल पेन तसंच हातात धरून म्हणाले, "एकानं कमी?"

"अहो, त्याला सवयच आहे मोजायची."

"मोजायची सवय आहे ना? मग तो मोजण्यात चुकणार नाही. अगं, उत्तर शेकड्यानं चुकलं तर मी समजतो, पोराला काही येत नाही. पण एकानंच चुकलं, तर ते पोर हुशार असतं आणि त्याचा पाय नेमका एका जागी घसरलेला असतो. ती जागा शोधायची. तुमचा पडदा कशाचे आकडे दाखवतो?"

"साइटवर आत्ता असलेल्या बातम्यांचे."

"म्हणजे एखादी काढून टाकली तर?"

ताईंचा डाव आमटीत तसाच राहिला.

दोन नोंदी. आठ एकेचाळीस आणि आठ शेहेचाळीस. घाबरून दोनदा दाबणारा माणूस मध्ये पाच मिनिटं थांबत नाही. दोनदा दाबलं नव्हतंच, दोन वेगळ्या गोष्टी पुसल्या होत्या! एक उंबरचा लेख. दुसरी रतीबची एक बातमी.

"पण रतीबची एक फुटकळ बातमी कुणाला कशाला नकोशी होईल?" त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

"ते गणित नाही," यजमान उत्तरपत्रिका ओढून घेत म्हणाले. "ते तुझं खातं."

ताई जेवता जेवता थांबल्या. मंगळवारची संध्याकाळ त्यांच्या डोळ्यांपुढे आली. 'तळाला लिंक टाकायच्या राहिल्यात,' असं त्यांनी उंबरला म्हटलं होतं. उंबर म्हणाली होती, 'या विषयावर आपल्याकडे काहीच नाही, मी सुरुवातीलाच श्रवणयंत्र म्हणून शोधलं होतं.' आणि ताईंनी, मास्तरीण असल्यासारखं, तिला ऐकवलं होतं, 'रतीब कधी श्रवणयंत्र लिहील का? त्याला सगळं मशीनच. त्याच्या भाषेत शोध.'



५

गुरुवारी ताई सव्वासातलाच ऑफिसात आल्या. त्यांच्याकडे चुकांच्या वह्या होत्या. रोज ज्या बातमीत चूक सापडली तिचा मथळा आणि चूक त्या लिहून ठेवत. तीस वर्षांची खोड. आठ महिन्यांपूर्वीची वही त्यांनी काढली आणि तिथून मागे मागे पानं चाळली. नऊ महिन्यांपूर्वीच्या एका मंगळवारी, रतीबच्या चौदा मथळ्यांमध्ये एक होता: 'अपडेट केलं आणि कानातलं मशीन मुकं झालं'. पुढे चूक: 'परिचारिका, दुसरी वेलांटी नको'.

साइटवर ती बातमी नव्हती.

पण रोज संध्याकाळी वाचकांना त्या दिवसाच्या सगळ्या बातम्या ईमेलनं जात, आणि ती ईमेल ताईंनाही येत असे. त्या मंगळवारची त्यांनी उघडली. अवघ्या नऊ ओळी. एका निवृत्त परिचारिकेनं कळवलं होतं, की अपडेटनंतर तिचं कानातलं मशीन मंद झालं. दुकानदार म्हणाला, तुमचे कान आणखी गेलेत. तिनं शेजारणीचं तसंच, पण अपडेट न केलेलं मशीन घटकाभर आपल्या कानात घातलं, आणि तिला सगळं पूर्वीसारखं ऐकू आलं. मग कान गेले की मशीन, असं तिनं विचारलं होतं. बातमी तिथेच संपत होती.

ताईंनी चष्मा काढून पुसला. उंबरचा सगळा लेख याच प्रश्नावर उभा होता. आठ महिने खपून, आवाजाची प्रयोगशाळा गाठून, सतरा यंत्रं तपासून तिनं जे सिद्ध केलं, ते एका बाईनं शेजारणीचं मशीन कानात घालून केलं होतं. आणि रतीबनं ते छापूनही टाकलं होतं. उंबरच्या आधी.

साडेआठला उंबर आली. ताईंनी तिला जिन्याच्या वळणावर गाठलं आणि ईमेल छापलेला कागद हातात दिला.

तिनं वाचला नाही. घडी घातली.

"तू काल नऊला आली नाहीस," ताई म्हणाल्या. "साडेआठनंतर आलीस. रतीबची बातमी पुसण्याची मुभा दोघांनाच, रतीबला नाहीतर संपादकांना. म्हणून त्याच्या मशीनवर बसलीस. सकाळचे लेख तोच चढवतो, म्हणून तिथून तुझा लेखही पुसता आला. चित्रकाराला त्या नऊ ओळींशी घेणंदेणं नाही. साहेब फोनवर होते. रतीबनं स्वतः पुसली असती तर एक कमी भरली म्हणून ओरडला नसता. ती बातमी फक्त एकाच माणसाला खुपणार होती. आणि तू म्हणालीस दुसरी प्रत नाही. तू! पहिलं वाक्य वहीत दहादा लिहिल्याशिवाय जी मशीनला हात लावत नाही, ती?"

उंबर खिडकीच्या कट्ट्यावर बसली.

"आधी लेख पुसलास, मग पाच मिनिटं त्याची बातमी शोधलीस," ताई म्हणाल्या.

"नाही. ते चुकलं तुमचं," उंबर शांतपणे म्हणाली. "बातमी मला रात्रीच घरून सापडली होती. मशीन हा शब्द टाकला आणि पहिलीच आली. सकाळी येऊन आधी तीच पुसली. वाटलं, संपलं, आता माझा लेख पहिला. मग त्याच्या खुर्चीत बसून राहिले. लेख दहाला लागणार, त्याच्यावर माझं नाव. आणि मला कळलं, की आता तो लेख चोरीचा झालाय. तो माझ्या नावानं लावणं मला जमेना. मग तोही पुसला."

"तळाला एक ओळ टाकायची होती फक्त. 'हे आधी अमक्यानं लिहिलं होतं.'"

"तीच ओळ लिहिता येईना, ताई. काहीही लिहिता येतं मला, ती ओळ येईना." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "आठ महिने मी माझ्या नवऱ्याशी धड बोलले नाही. आईच्या आजारपणात दोन दिवस गेले आणि परत आले. का, तर हे फक्त मला दिसलंय म्हणून. आणि ते त्यानं वीस मिनिटांत लिहिलं, चहाला गेला, आणि विसरला! त्याला आठवतही नसेल. रोज तो समोर बसून धडाधड टाइप करतो आणि मी त्याला मनातल्या मनात हसते. हसते कुठली, जळते. त्याला भीती कशी वाटत नाही? चुकायची, वाईट लिहायची? मला प्रत्येक शब्दाची भीती वाटते."

ताईंना तिचा राग यायला हवा होता. तो आलाही. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि ते त्यांच्या चांगल्या ओळखीचं होतं.

"काल मीही तुझ्यावर जळत होते," त्या म्हणाल्या. "लेख गेला म्हटल्यावर मला बरं वाटलं. वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं. ते असू दे. उद्या अडीच लाख माणसं सकाळी उठतील आणि त्यांना वाटेल, आपले कान गेले. त्यांचं काय? आणि रतीबचं अकराला काय?"

उंबरनं पिशवीत हात घातला आणि तीन जाड वह्या बाहेर काढल्या.

"अकरा तर वाजले नाहीत ना?" तिनं विचारलं.

"अजून नाहीत."

६

केबिनमध्ये उंबरनं सगळं उभ्यानंच सांगितलं, संपादकांसमोर आणि रतीबसमोर. शेवटी ती म्हणाली, "मी उद्यापासून येणार नाही. पण लेख आज लावा. आणि अगदी वर, माझ्या नावाच्याही आधी लिहा, की हे प्रथम रतीबनं छापलं होतं."

रतीबची बोटं थांबलेली होती. "काल माझी नोकरी जात होती," तो म्हणाला, "आणि तू समोर बसून बघत होतीस."

"हो."

"दिवसभर?"

"हो."

तो तिच्या अंगावर धावून जाईल असं ताईंना वाटलं. पण त्यानं उंबरच्या हातातला कागद घेतला आणि नऊ ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. "मला आठवत नाही," तो म्हणाला. "देवाशपथ आठवत नाही. हे मी लिहिलंय?"

उंबर वह्यांवरून सांगत गेली आणि ताई टाइप करत गेल्या. दीड वाजता लेख उभा राहिला. संपादकांनी तो या वेळी शेवटपर्यंत वाचला. रतीबनंही वाचला, चाळीस मिनिटं एकही बटण न दाबता तो पडद्यासमोर बसून होता. वाचून झाल्यावर त्यानं आपली ईमेल उघडली आणि त्या परिचारिकेचं जुनं पत्र शोधलं. सापडलं. त्याच पत्त्यावरून आलेली आणखी चार पत्रंही सापडली. एकही उघडलेलं नव्हतं.

पहिल्यात बातमी छापल्याबद्दल आभार होते आणि पुढची माहिती हवी का, अशी विचारणा होती. दुसऱ्यात अपडेटच्या तारखा होत्या, सुबक तक्ता करून. तिसऱ्यात ओळखीतल्या सहा जणांची नावं, ज्यांचं असंच झालं होतं. चौथं तीन आठवड्यांपूर्वीचं होतं, दोनच ओळींचं: 'आता मला दाराची घंटा ऐकू येत नाही. कुणी येणार असाल तर कृपया आधी लिहून कळवा.'

रतीबनं खुर्ची मागे सरकवली. "हे बघ," तो उंबरला म्हणाला. केबिनमधून बाहेर आल्यापासून तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

तिनं वाकून वाचलं. तारखांचा तक्ता पाहताच तिनं ओठ चावला. "या तारखा मिळवायला मला तीन महिने लागले," ती म्हणाली.

"इथेच होत्या. मला विचारायचंस."

"तुला?" ती म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

"नाही विचारलंस," रतीब म्हणाला. "आणि मी उघडली नाहीत. तू मला वाचलं नाहीस आणि मी तिला."

लेख तीनला लागला. संध्याकाळी साडेपाचला कंपनीनं शुक्रवारचं अपडेट 'काही तांत्रिक कारणांमुळे' पुढे ढकलल्याचं कळवलं. संपादकांनी उंबरचा राजीनामा घेतला. थांब म्हणाले नाहीत, आणि ती थांबलीही नसती. चित्रकारानं लेख उघडून आपलं नाव कुठे आहे ते पाहिलं. ते वर होतं, उंबरच्या नावाशेजारी. तो खिडकीबाहेर बघत राहिला.

सहाला ताई निघाल्या तेव्हा रतीबच्या पडद्यावर एक कोरं पत्र होतं. 'आदरणीय सीस्टर' एवढंच लिहिलेलं. उंबर आपलं टेबल आवरून, पिशवी घेऊन दाराकडे चालली होती.

"ए," रतीबनं हाक मारली. तिच्यावरचा राग अजून आवाजात होता. "फोन तर करता येणार नाही तिला. काय लिहू?"

उंबर दारातच उभी राहिली. "उशीर झाला, असं लिही."

त्यानं लिहिलं. एका बोटानं, अडखळत. "पुढे?"

"पुढे तूच सांग."

रतीब टाइप करता करता मोठ्यानं म्हणाला, "रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही दोघं येतो. म्हणून आधी लिहून कळवतोय." आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "दोघं लिहू ना?"

उंबरनं पिशवी खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी खुर्ची ओढली. "सिस्टरमधला 'सि' पहिला कर," ती म्हणाली, "दुसरा झालाय."